पांढरे फूल कुठे गेले?

(आई-वडिलांचे गुण मुलांत उतरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते कसे उतरतात? त्याला काही नियम आहे का? ग्रेगोर मेंडेल या शास्त्रज्ञाने वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून हा नियम शोधून काढला. त्यांपैकी फुलांच्या रंगाविषयीच्या प्रयोगांची माहिती या पाठात दिली आहे.)

घरात नवे बाळ जन्माला आले की नातेवाईक त्याला पाहायला येतात. कोणी म्हणते, "नाक अगदी अब्बांसारखे आहे." कोणी म्हणते, "डोळे मात्र नानीचे घेतले आहेत." कधी कधी बाळ घरात कोणासारखेच दिसत नाही. मग एखादी वृद्ध शेजारीण हसून सांगते, "अरे, याचे परदादा असेच दिसायचे!"

मध्ये दोन पिढ्या गेल्या आणि जुनी खूण पुन्हा दिसली. एवढी वर्षे ती खूण कुठे होती? ती नाहीशी झाली होती, की कुठे लपून बसली होती?

हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका शिक्षकाला पडला. त्याने उत्तर शोधण्यासाठी वाटाण्याची झाडे निवडली. त्या शिक्षकाचे नाव ग्रेगोर मेंडेल.

मेंडेल यांचा जन्म १८२२ साली हाइन्झेनडॉर्फ नावाच्या खेड्यात झाला. तेव्हा हे खेडे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताक या देशात आहे. त्यांचे मूळ नाव जोहान. वडील शेतकरी होते. त्यांना फळझाडांची आवड होती. जोहान लहानपणापासून वडिलांबरोबर बागेत काम करी. तो अभ्यासात हुशार होता, पण घरची स्थिती बेताची होती. १८३८ साली लाकडाचा मोठा ओंडका अंगावर पडून वडील जबर जखमी झाले. त्यांच्याने पूर्वीसारखे काम होईना. जोहानचे शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा त्याची धाकटी बहीण तेरेझिया पुढे आली. लग्नात तिला मिळणाऱ्या पैशांतला काही भाग तिने भावाच्या शिक्षणासाठी देऊन टाकला. मेंडेल हे उपकार विसरले नाहीत. पुढे त्यांनी तिच्या मुलांच्या शिक्षणाला मदत केली.

१८४३ साली जोहान ब्रनो शहरातील एका ख्रिस्ती मठात दाखल झाला. तेथे त्याला 'ग्रेगोर' हे नवे नाव मिळाले. मठात राहून मेंडेल शाळेत शिकवू लागले. मुलांना त्यांचे शिकवणे आवडे. पण कायमचा शिक्षक होण्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागे. १८५० साली मेंडेल त्या परीक्षेत नापास झाले. मठाच्या प्रमुखांनी त्यांना पुढील शिक्षणासाठी व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तेथे दोन वर्षे त्यांनी पदार्थविज्ञान, गणित आणि वनस्पतिशास्त्र यांचा अभ्यास केला. १८५६ साली ते पुन्हा परीक्षेला बसले. याही वेळी त्यांना यश आले नाही. मेंडेल शेवटपर्यंत बदली शिक्षक म्हणूनच शिकवत राहिले.

दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. मेंडेल यांनी त्याच वर्षी, म्हणजे १८५६ साली, आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामाला हात घातला. मठाच्या आवारात सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद अशी जमिनीची एक पट्टी होती. तीच त्यांची प्रयोगशाळा झाली.

त्या काळी लोकांची अशी समजूत होती की, आई-वडिलांचे गुण मुलांमध्ये एकमेकांत मिसळून जातात. लाल सरबतात दूध ओतले की ते गुलाबी होते, तसेच काहीसे. पण एकदा गुलाबी झालेल्या सरबतातून दूध पुन्हा वेगळे काढता येते का? नाही. मग परदादांचे नाक दोन पिढ्यांनंतर परत येते, ते कसे? मिसळण्याच्या समजुतीने या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते.

मेंडेल यांनी वाटाणाच का निवडला? त्याला कारणे होती. वाटाण्याचे पीक थोड्या महिन्यांत हाती येते. एका झाडाला पुष्कळ बिया मिळतात. वाटाण्याच्या जातींमध्ये ठळक फरक असतात. काही झाडे उंच, तर काही बुटकी. काहींच्या बिया गोल, तर काहींच्या सुरकुतलेल्या. काहींची फुले जांभळट लाल, तर काहींची पांढरीशुभ्र. शिवाय वाटाण्याच्या फुलाची रचना फार सोयीची आहे. फुलातील पुंकेसर आणि स्त्रीकेसर हे दोन्ही भाग पाकळ्यांच्या घडीत बंद असतात. त्यामुळे फुलातले परागकण त्याच फुलातील स्त्रीकेसरावर पडतात. बाहेरचे पराग सहसा आत शिरत नाहीत.

तरीही मेंडेल यांनी घाई केली नाही. त्यांनी वाटाण्याच्या ३४ जाती मिळवल्या आणि दोन वर्षे नुसत्या लावून पाहिल्या. पांढऱ्या फुलांच्या झाडाच्या बियांपासून पुन्हा पांढऱ्याच फुलांची झाडे येतात ना, जांभळ्यापासून जांभळीच येतात ना, याची त्यांनी खात्री करून घेतली. त्यांतून २२ जाती त्यांनी प्रयोगांसाठी निवडल्या. अशा खात्रीच्या जातींना 'शुद्ध जाती' म्हणतात. पाया पक्का नसेल तर वरची इमारत उभी राहत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

मग प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाला. मेंडेल जांभळ्या फुलांच्या झाडाची एक कळी निवडत. ती पूर्ण उमलण्याआधीच तिच्या पाकळ्या हळूच उघडत आणि चिमट्याने आतील सर्व पुंकेसर काढून टाकत. आता त्या फुलाला स्वतःचे पराग उरत नसत. मग पांढऱ्या फुलातील पराग आणून ते त्या फुलाच्या स्त्रीकेसरावर लावत. अशा रीतीने दोन वेगळ्या जातींच्या मिलनाला 'संकर' म्हणतात. फुलांच्या रंगासाठी त्यांनी १० झाडांवर असे ३५ संकर केले. काही वेळा जांभळे फूल आई असे आणि पांढरे फूल बाप. काही वेळा याच्या उलट. कीटकांनी बाहेरचे पराग आणून प्रयोग बिघडवू नये म्हणून पडताळणीसाठी काही झाडे त्यांनी काचगृहातही ठेवली.

शेंगा धरल्या, बिया तयार झाल्या. त्या पेरल्या. नवी झाडे वाढली आणि फुलली. ही पहिली पिढी. सगळ्या झाडांची फुले जांभळी होती! एकही फूल पांढरे नव्हते आणि फिकट जांभळेही नव्हते. आई जांभळी असो की बाप जांभळा, निकाल तोच.

मग पांढरा रंग कुठे गेला? तो कायमचा नष्ट झाला का?

दुसरा कोणी येथे थांबला असता. मेंडेल थांबले नाहीत. या पहिल्या पिढीतील झाडांना त्यांनी हात लावला नाही. त्यांचे पराग त्यांच्याच फुलांवर पडू दिले. त्यांच्या बिया जपून ठेवल्या आणि पुन्हा पेरल्या. ही दुसरी पिढी फुलू लागली तेव्हा जांभळ्या फुलांमध्ये अधूनमधून पांढरी फुले डोलताना दिसली. आजोबांचा हरवलेला रंग नातवंडांत परत आला होता! आणि तो जराही मळला नव्हता. पांढरे फूल पूर्वीइतकेच पांढरे होते.

इतर लोकांनीही यापूर्वी असे संकर केले होते. गेलेले गुण परत येतात, हे त्यांनीही पाहिले होते. पण मेंडेल यांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी झाडे मोजली. एकूण ९२९ झाडांपैकी ७०५ झाडांची फुले जांभळी होती आणि २२४ झाडांची पांढरी. भागाकार करून पाहा. एका पांढऱ्या झाडामागे साधारण तीन जांभळी झाडे येतात. त्यांनी बियांचा आकारही तपासला. ७३२४ बियांपैकी ५४७४ गोल होत्या आणि १८५० सुरकुतलेल्या. म्हणजे पुन्हा तेच, तिनास एक! एकूण सात गुणांचा त्यांनी असा अभ्यास केला. प्रत्येक वेळी हिशोब तिनास एकच्या जवळ आला.

हे प्रमाण पाहून मेंडेल विचार करू लागले. त्यांनी असा तर्क केला: प्रत्येक झाडात फुलाच्या रंगाचे दोन घटक असतात. एक आईकडून आलेला, एक बापाकडून आलेला. पराग किंवा बीजांड तयार होताना या दोहोंपैकी एकच घटक त्यात जातो. जांभळ्या रंगाचा घटक एक जरी असला तरी फूल जांभळे होते. म्हणून तो 'प्रभावी'. पांढऱ्या रंगाचा घटक एकटा असेल तर तो दिसत नाही. म्हणून तो 'अप्रभावी'. तो दिसत नसला तरी झाडात असतोच. दोन्हीकडून पांढरा घटक मिळाला की फूल पांढरे होते.

मग तिनास एक हे प्रमाण कोठून येते? दोन नाणी घ्या. एक नाणे म्हणजे आई, दुसरे नाणे म्हणजे बाप. छापा म्हणजे जांभळा घटक, काटा म्हणजे पांढरा घटक. दोन्ही नाणी एकदम उडवा. चार प्रकारे ती पडू शकतात: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा आणि काटा-काटा. पहिल्या तिन्ही प्रकारांत निदान एक छापा आहे, म्हणून फूल जांभळे. फक्त काटा-काटा पडले तरच फूल पांढरे. चारांत तीन जांभळी, एक पांढरे. निसर्ग जणू प्रत्येक बीसाठी दोन नाणी उडवत असतो.

तर्क सुंदर होता. पण सुंदर तर्क खरा असतोच असे नाही. तो तपासून पाहावा लागतो. मेंडेल यांचा मोठेपणा येथे दिसतो.

त्यांनी स्वतःला विचारले, "माझा तर्क खरा असेल तर पुढे काय व्हायला हवे?" दुसऱ्या पिढीतील जांभळी झाडे दिसायला सारखीच. पण तर्काप्रमाणे ती दोन प्रकारची असायला हवीत. तिघांपैकी एकाजवळ दोन्ही घटक जांभळे असतील. उरलेल्या दोघांजवळ एक पांढरा घटक लपलेला असेल. डोळ्यांनी पाहून हा फरक कळणार नाही. तो त्यांच्या मुलांना विचारावा लागेल. म्हणून मेंडेल यांनी १०० जांभळी झाडे निवडली आणि प्रत्येकाच्या १० बिया पेरल्या. निकाल आला. ३६ झाडांची सर्व संतती जांभळ्या फुलांची निघाली. ६४ झाडांच्या संततीत जांभळी आणि पांढरी अशी दोन्ही प्रकारची झाडे आली. तर्काप्रमाणे ३३ आणि ६७ यांच्या आसपास आकडे यायला हवे होते. ते तसे आले. पांढऱ्या फुलांच्या झाडांपासून मात्र पांढरीच झाडे येत राहिली.

शेंगांच्या रंगाच्या अशाच एका प्रयोगात ६० आणि ४० असे आकडे आले. हे अपेक्षेपेक्षा बरेच दूर होते. मेंडेल यांनी ते लपवले नाहीत. त्यांनी प्रयोग पुन्हा केला. या वेळी ६५ आणि ३५ आले. त्यांनी दोन्ही निकाल आपल्या निबंधात लिहून ठेवले.

आणखी एक कसोटी त्यांनी लावली. ज्या जांभळ्या झाडात पांढरा घटक लपला आहे, त्याचा संकर पांढऱ्या फुलांच्या झाडाशी केला तर काय होईल? पांढरे झाड पांढराच घटक देणार. जांभळे झाड अर्ध्या वेळा जांभळा देईल, अर्ध्या वेळा पांढरा. म्हणजे निम्मी झाडे जांभळी आणि निम्मी पांढरी यायला हवीत. प्रयोगात १८७ बिया मिळाल्या. त्यांपैकी १६६ झाडांना फुले आली. ८५ जांभळी आणि ८१ पांढरी! जे पाहायचे आहे ते आधी सांगायचे आणि मग प्रयोग करून पाहायचे, हीच विज्ञानाची रीत आहे.

आठ वर्षे हे काम चालले. हजारो झाडे लावली, हजारो बिया सोलून मोजल्या. १८६५ साली ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च या दिवशी मेंडेल यांनी ब्रनो येथील निसर्ग अभ्यास मंडळापुढे आपला निबंध वाचला. १८६६ साली तो छापला गेला. त्याच्या ४० प्रती त्यांनी मागवून घेतल्या आणि काही मोठ्या शास्त्रज्ञांना पाठवल्या. पण फुलांच्या अभ्यासात इतके गणित कशासाठी, हे त्या काळी फारसे कोणाला उमगले नाही. १८६८ साली मेंडेल मठाचे प्रमुख झाले. कामाचा भार वाढला आणि प्रयोग मागे पडले. १८८४ साली त्यांचा मृत्यू झाला. एक प्रेमळ धर्मगुरू गेले, म्हणून शहर हळहळले. एक थोर शास्त्रज्ञ गेला, हे कोणाला ठाऊक नव्हते.

पहिल्या पिढीत पांढरा रंग दिसेनासा झाला होता, तसेच मेंडेल यांच्या कामाचे झाले. ते दिसेनासे झाले, पण नष्ट झाले नाही. १९०० साली हॉलंडचे ह्यूगो द व्ह्रीस, जर्मनीचे कार्ल कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे एरिक चेरमाक यांच्यामुळे जुना निबंध पुन्हा उजेडात आला. तिघे आपापल्या ठिकाणी संकराचे प्रयोग करत होते. जो नियम आपल्याला नवा वाटत होता, तो एका मठातील शिक्षकाने ३४ वर्षांपूर्वीच छापला होता, हे त्यांना दिसून आले.

यानंतर फुलांच्या रंगांविषयी आणखी गोष्टी कळल्या. कोरेन्स यांनी गुलबक्षीवर प्रयोग केले. तुमच्या अंगणातही ही फुले संध्याकाळी उमलत असतील. उर्दूत या फुलाला 'गुल-ए-अब्बास' म्हणतात. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला तर पहिल्या पिढीत गुलाबी फुले येतात. येथे सरबताची आठवण होईल. पण पुढच्या पिढीत एक लाल, दोन गुलाबी आणि एक पांढरे अशा प्रमाणात झाडे येतात. म्हणजे गुलाबी फुलातही लाल आणि पांढरा हे घटक वेगवेगळेच राहिले होते. त्यांचे सरबत झाले नव्हते.

इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन आणि रेजिनल्ड पनेट यांना तर याहून मोठे आश्चर्य दिसले. शोभेच्या गोड वाटाण्याच्या दोन पांढऱ्या जातींचा संकर केला, तेव्हा जांभळी फुले आली! पुढच्या पिढीत दर १६ झाडांमागे साधारण ९ रंगीत आणि ७ पांढरी निघाली. याचा अर्थ येथे रंग तयार होण्यासाठी दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात. एका जातीत एक गोष्ट नव्हती, दुसरीत दुसरी. दोघी एकत्र आल्या आणि रंग उमटला. एका रंगामागे एकाहून अधिक घटक असू शकतात, अशी शंका मेंडेल यांनाही घेवड्याच्या फुलांवरून आली होती.

या घटकांना आज आपण 'जनुके' म्हणतो. मेंडेल यांना जनुक कधी दिसले नाही. त्यांनी फक्त मोजून ते ओळखले. २०१० साली शास्त्रज्ञांनी वाटाण्याच्या फुलाला रंग देणारे हे जनुक नेमके शोधून काढले. जांभळा रंग तयार करण्याचा हुकूम देणे हे त्याचे काम. पांढऱ्या फुलाच्या जनुकात एकच अक्षर बदललेले आहे. तेवढ्याने हुकूम पोहोचत नाही आणि फूल पांढरे राहते. उर्दूत 'हाल' या शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली एक नुक्ता पडला की 'जाल' होतो. जनुकांच्या लिपीतही एका अक्षराला असेच मोल आहे.

मेंडेल यांच्या नियमाचा उपयोग आज शेतात रोज होतो. शेतकरी संकरित बियाणे पेरतात. पहिल्या पिढीचे पीक एकसारखे येते. पण त्याच पिकाचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर झाडे एकसारखी येत नाहीत. लपलेले गुण वेगळे होऊन बाहेर पडतात. म्हणून संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. माणसाचे नाक, उंची किंवा कातडीचा रंग मात्र अनेक जनुकांवर अवलंबून असतो. तेथे तिनास एक असा सोपा हिशोब चालत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अप्रभावी म्हणजे दुबळे किंवा कमी प्रतीचे नव्हे. पांढरे फूल जांभळ्या फुलाइतकेच चांगले फूल आहे. त्याला फक्त आपली वेळ येईपर्यंत थांबावे लागते. मेंडेल यांनाही थांबावे लागले. दोनदा परीक्षेत नापास झालेल्या त्या शिक्षकाला आज सारे जग 'आनुवंशिकी शास्त्राचा जनक' म्हणून ओळखते.

शब्दार्थ

वाटाणा – मटर
पिढी – एकाच काळातील संतती. आजोबा, वडील, मुलगा या तीन पिढ्या
ओंडका – झाडाचे तोडलेले जाड खोड
बेताची – जेमतेम, साधारण
बदली शिक्षक – दुसऱ्याच्या जागी तात्पुरते काम करणारा शिक्षक
पुंकेसर – फुलातील पराग तयार करणारा भाग
स्त्रीकेसर – फुलातील बी धरणारा भाग
परागकण – पुंकेसरावरील बारीक धूळ
बीजांड – स्त्रीकेसरातील ज्या भागापासून बी तयार होते तो भाग
संकर – दोन वेगळ्या जातींचे मिलन
काचगृह – झाडांसाठी बांधलेले काचेचे घर
तर्क – विचार करून बांधलेला अंदाज
कसोटी – खरेखोटे ठरवणारी परीक्षा
संतती – मुलेबाळे, औलाद
घेवडा – शेंगांची एक भाजी
आनुवंशिकी – एका पिढीचे गुण दुसऱ्या पिढीत कसे जातात हे सांगणारे शास्त्र

वाक्प्रचार

हात घालणे – कामाला सुरुवात करणे
खचून जाणे – निराश होणे
उजेडात येणे – सर्वांना माहीत होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मेंडेल यांचे मूळ नाव काय होते?
(२) मेंडेल यांच्या शिक्षणासाठी कोणी मदत केली?
(३) शुद्ध जात म्हणजे काय?
(४) पहिल्या पिढीतील सर्व फुलांचा रंग कोणता होता?
(५) मेंडेल यांचा निबंध कोणत्या साली छापला गेला?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) मेंडेल यांनी प्रयोगासाठी वाटाणा का निवडला?
(२) संकर करताना कळीतील पुंकेसर का काढून टाकावे लागतात?
(३) सरबताचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
(४) दिसायला सारख्याच असणाऱ्या जांभळ्या झाडांतील फरक मेंडेल यांनी कसा ओळखला?
(५) 'प्रयोग पुन्हा केला आणि दोन्ही निकाल लिहून ठेवले.' यावरून मेंडेल यांचा कोणता गुण दिसतो?

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(१) दुसऱ्या पिढीतील ९२९ झाडांपैकी ............ झाडांची फुले पांढरी होती.
(२) लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून पहिल्या पिढीत ............ फुले येतात.
(३) मेंडेल यांच्या घटकांना आज ............ म्हणतात.

प्र. ४. विचार करून सांगा.
एका जांभळ्या फुलाच्या झाडाचा पांढऱ्या फुलाच्या झाडाशी संकर केला. ४० झाडे आली. त्यांतील २१ जांभळी आणि १९ पांढरी होती. त्या जांभळ्या झाडात पांढरा घटक लपलेला होता का? कशावरून?

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
उंच, प्रभावी, धाकटी, पक्का, नापास

प्र. ६. भाषाभ्यास
उर्दूत 'फूल' हा शब्द पुल्लिंगी आहे. मराठीत तो नपुंसकलिंगी आहे. म्हणून आपण 'पांढरे फूल' म्हणतो, 'पांढरा फूल' म्हणत नाही. खालील शब्दांना 'पांढरा, पांढरी, पांढरे' यांपैकी योग्य शब्द जोडा.
रंग, कळी, झाड, पाकळी, दाणा, बी

उपक्रम

(१) दोन नाणी एकदम ४० वेळा उडवा. 'काटा-काटा' किती वेळा पडले ते लिहून ठेवा. वर्गातील सर्वांचे आकडे एकत्र करा. एकट्याचा आकडा आणि साऱ्या वर्गाचा आकडा यांपैकी कोणता चौथ्या भागाच्या अधिक जवळ आला?
(२) आपल्या परिसरातील गुलबक्षीच्या फुलांचे किती रंग आढळतात, त्यांची नोंद करा. गुलबक्षीच्या बिया विषारी असतात. त्या तोंडात घालू नका आणि लहान मुलांपासून दूर ठेवा.